लोटन मेला आणि धुळीवूड जन्मलं

कलकत्त्याच्या टॉलीगंजमध्ये स्टुडिओ उभे राहिले आणि तिथल्या सिनेमाला टॉलीवूड म्हणू लागले. मग मुंबईचं बॉलीवूड, लाहोरचं लॉलीवूड, मद्रासच्या कोडंबक्कमचं कॉलीवूड, ढाक्याचं ढालीवूड. आमच्या धुळ्याशेजारच्या मालेगावनेसुद्धा मॉलीवूड करून घेतलं. ही नावं बरीचशी थट्टेत निघतात आणि मग चिकटतात. आमचंही थट्टेतच निघालं. चिकटलं मात्र भीतीने, आणि ती भीती मी लोटनच्या शेजारी बसून पाहिली आहे.

लोटन पिकअप चालवतो. धुळ्याच्या मार्केटमधून कांदा, मिरची, कधी कुणाचं लग्नाचं सामान वाहतो. आणि शूटिंग असलं की त्याच गाडीत आमचा कॅमेरा, खुर्च्या आणि आम्ही. अहिराणी विनोदी व्हिडिओ करतो आम्ही, मोबाईलवर पाहायचे. मी रंगभूमीवरचा जुना माणूस, आता बापाच्या आणि सासऱ्याच्या भूमिका करतो. लोटनची खासियत मरण्याची. उचकी देऊन, एक डोळा उघडा ठेवून असा मरतो की बघणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. मी थोर थोर नटांना मरताना पाहिलंय हो, पण लोटनसारखं कुणी मेलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पात्राला वेगळं नाव द्यायचं नाही. लोटन हा पडद्यावरही लोटनच, गावही त्याचंच, पिंपळनेरजवळचं. बघणाऱ्यांना तेच आवडतं.

त्या दिवशी साक्री रोडला एका फाट्यावर शूटिंग होतं. लोटन मरतो आणि त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, असा प्रसंग. आमचे दिग्दर्शक लीलाधरभाऊ चहा पिता पिता म्हणाले, "नाना, फ्लेक्सवर खाली शोकाकुल कोण लिहायचं?"

"सगळ्या सिनेमावाल्यांना वूड आहे, आपल्यालाच नाही," मी म्हणालो. "लिहा, समस्त धुळीवूड परिवार."

"अन् आम्ही जळगाववाल्यांनी काय करायचं?" लताबाई फणकारल्या. त्या पिंप्राळ्याहून येतात, लोटनच्या बायकोचं काम करतात. "जळगावचं जॉलीवूड करा मग."

"तुम्ही आधी रडा नीट," लोटन म्हणाला. "काल मी मेलो तर तुम्ही जांभई देत होत्या."

"रोज रोज मरतोस, किती रडू?"

फ्लेक्स लागला. लोटनचा हसरा फोटो, हार, नाव, गाव, आणि खाली ते धुळीवूड. ते वाचून शेंबडं पोरही समजेल की हा सिनेमा आहे, असं आम्हाला वाटलं. सीन घेऊन आम्ही आत मळ्यात गेलो. फ्लेक्स उतरवायचा राहिला. साक्री-पिंपळनेरकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच्यासमोरून गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत लोटनने गाडीत ठेवलेला मोबाईल पाहिला आणि तो खालीच बसला. गावाच्या ग्रुपवर त्या फ्लेक्सचा फोटो होता. खाली हात जोडलेले, रडणारे चेहरे. एकाने विचारलं होतं, हे धुळीवूड काय? दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, कंपनी असेल, तिथेच कामाला होता. गावाला त्याची पिकअप ठाऊक होती, आमचे व्हिडिओ नव्हते.

"नाना, माय," एवढंच तो म्हणाला.

त्याची आई झुंबरबाई गावी एकटी असते. मागच्या वर्षी तिला हृदयाचा झटका येऊन गेला होता. तिला कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लोटनने तिला फोन लावला. वाजत राहिला. शेजारच्या उखर्डू आबांना लावला. त्यांनी उचलला.

"आबा, मी लोटन बोली राह्यनू."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला. मागून बायकांचं रडणं, आणि कुणीतरी ओरडलं, "पानी आना, पानी!" मग फोन बंद. पुन्हा लागलाच नाही.

मी त्याच्यासोबत निघालो. त्याला एकटं सोडवत नव्हतं. एरवी सफाईने चालवणारा लोटन, त्याला गिअर सापडेना. साक्री मागे पडलं. घाटासारख्या वळणांवर मी दांडी घट्ट धरून बसलो, आणि मला माझ्या जिवाची नाही, त्याच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. तो चेहरा पूर्ण रिकामा झाला होता.

"पानी कोनासाठे मांगं व्हई, नाना?"

"कुणालाही लागतं रे पाणी."

"मन्ही माय पडनी व्हई."

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोललो. आता एकही आठवेना.

गावाच्या वेशीपाशी एक ओळखीचा सायकलवाला आम्हाला पाहून सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेला. घराच्या गल्लीत गाडी शिरली. ओट्यावर, अंगणात माणसंच माणसं. पुरुष डोक्याला हात लावून बसलेले, आणि दारासमोर ताजे तोडलेले हिरवे बांबू. कुणीतरी सुतळी सोडवत होतं.

लोटन स्टिअरिंगवर वाकला. "गयी," तो म्हणाला. "मन्हामुये गयी."

मलाही तसंच वाटलं, म्हातारी गेली आणि ती आमच्यामुळेच.

मी उतरलो तोच लोटनने मान वर केली आणि अंगणातून किंकाळी उठली. बायका मागे सरल्या, दोघेतिघे कुंपणावरून पलीकडे. लोटन दार उघडून उतरला आणि माणसं वाट सोडत गेली, जशी भिंत सरकावी तशी. ते बांबू त्याच्यासाठी होते. धुळ्याहून त्याचा देह येणार म्हणून गावाने तयारी करून ठेवली होती.

त्याला ते अजून कळलं नव्हतं. तो बांबू ओलांडून आत धावला. मागोमाग मी.

झुंबरबाई खांबाला टेकून बसली होती. डोळे उघडे, ओठ कोरडे, कुणीतरी पदराने वारा घालत होतं. लोटन तिच्यासमोर गुडघ्यावर पडला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुन्हा पाय दखाड."

त्याने पाय पुढे केले. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. म्हातारीने दोन्ही पावलं चाचपली, टाचा, बोटं, अंगठ्याची ठेचाळलेली जुनी खूण. मग तिने जी थोबाडीत दिली, ती बाहेर ओट्यापर्यंत ऐकू गेली.

"मरस का? पैसा लिसन मरस?" पैसे घेऊन मरतो, हे त्याने तिला कधीतरी हसत सांगितलं होतं.

"माय, ते नाटक व्हतं."

"मी नाटक करी राह्यंतू का?" तिने त्याचा शर्ट मुठीत धरला, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. फोनवर ऐकू आलेलं ते पाणी उखर्डू आबांसाठी मागितलं होतं, मेलेल्या लोटनचा आवाज ऐकून त्यांनाच भोवळ आली होती. त्यांनी बांबू उचलून मागच्या अंगणात टाकले. पण त्यांची नजर काही वेळ लोटनच्या पायांवरच होती.

तिने मूठ सोडली नाही. डॉक्टर गावातच आले. त्यांनी नाडी पाहिली, गोळी दिली, तरी नाही. शेजारणीने आणलेली भाकरी लोटनने एका हाताने खाल्ली. शेवटी ती तशीच, शर्ट धरून, पिकअपमध्ये आमच्या मधे बसली आणि धुळ्याला आली. तोवर गावाच्या ग्रुपवर आम्ही सगळे धुळीवूडवाले झालो होतो, आणि ते नाव आजही सुटलेलं नाही. वाटेत तो फाटा लागला. लोटनने गाडी थांबवली, पण उतरून फ्लेक्स फाडायला मलाच जावं लागलं, कारण म्हातारी त्याला खाली उतरू देईना.