ओवी गाडीत असतानाच येणारा आवाज

"अरे, आवाज गाडीत नाहीये, त्यांच्या कानात आहे," आमचे मॅनेजर म्हणाले. आमचे गिऱ्हाईक सोनवणे तीच तक्रार घेऊन पुन्हा आले होते: गाडीच्या मागून टकटक येते.

मी पिंपरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची आणि मेकॅनिकला समजेल अशी सांगायची, हे माझं काम. सस्पेन्शन बघून झालं होतं, डिकीचं लॉक घट्ट केलं होतं. खराब रस्त्यावर ट्रायल घेतली, तरी गाडी गप्पच.

"आवाज नेमका कधी येतो?" मी विचारलं.

"ओवी असली की. चाकणला कंपनीत जाताना कधीच नाही."

ओवी म्हणजे त्यांची बालवाडीतली मुलगी.

"मग तीच करत असेल!" मॅनेजर हसले.

मला मात्र ते पटेना. मी म्हटलं, "शनिवारी ओवीला घेऊन या. गाडीत नेहमी असतं ते सगळं तसंच राहू द्या."

शनिवारी मागे लहान मुलांची सीट होती, तीत ओवी. मी तिच्या शेजारी बसलो, गाडी सोनवणे चालवत होते. पहिल्याच स्पीडब्रेकरला टक! पाठीमागूनच.

"ही सीट आधी कधी दिसली नाही."

"कंपनीत जाताना मागे मित्र बसतात, म्हणून काढतो. सर्व्हिसलाही काढतो, ग्रीस लागायला नको."

गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली. ओवीच्या सीटच्या माथ्यावरून मागे आलेला पट्टा मोकळा लोंबत होता. त्याचा लोखंडी हुक पत्र्यावर आपटत होता.

"तो होय? सामान ठेवताना आडवा येतो, म्हणून अडकवत नाही. खालचे दोन हुक तर पक्के बसतात."

मी ओवीला उतरवलं आणि सीटचा माथा हाताने पुढे ढकलला. सीट चक्क वाकली. "जोरात ब्रेक लागला की अशीच पुढे झुकणार. ओवीचं डोकं समोरच्या सीटवर आपटू शकतं. ते अडवायलाच हा पट्टा आहे."

सोनवणेंनी स्वतः सीट ढकलून पाहिली, मग पुन्हा एकदा. मी हुक अडकवून पट्टा आवळला. आता सीट जागची हलेना. ओवी आत बसली आणि म्हणाली, "बाबा, आता डुलत नाही."

येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला आम्ही दोघं कान देऊन होतो. टकटक नाही.

"म्हणजे गाडीत फॉल्ट नव्हताच," मॅनेजर म्हणाले.

"गाडीत नव्हता, सर."

हल्ली कुणी आवाजाची तक्रार आणली, की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो, "तेव्हा गाडीत कोण कोण असतं?"