इथे 'कडक' म्हणू नये

नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या गॅरेजच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: इथे 'कडक' म्हणू नये. लोक वाचतात, हसतात, फोटो काढतात. काढू देत. मला त्या शब्दाची चीड आहे, आणि पाटी लिहिली तेव्हा होती त्यापेक्षा आज कितीतरी जास्त आहे.

स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन जुळवून देणं हे माझं काम. स्प्रिंग, शॉकअप, चाकांचा कल, गाडीची उंची. गिऱ्हाईक येतं, बॉनेटवर थाप मारतं आणि म्हणतं, भाऊ, एकदम कडक करून टाक. अरे बाबा, कडक म्हणजे काय? भारी, की ताठ? आमच्या नाशकात चहा कडक, इस्त्री कडक, नवा मोबाइल कडक, मिसळ तर कडकच. त्यामुळे ताठ गाडी तीच भारी गाडी, असं या लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. गुळगुळीत ट्रॅकवर ताठ शॉकअप ठीक आहेत, वळणात गाडी कलंडत नाही. पण आपल्या रस्त्यांवर ताठ गाडीचं चाक प्रत्येक खड्ड्याला हवेत उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड कुठली? हे मी बोलून बोलून घसा कोरडा केलाय. सगळे मान डोलावतात आणि जाताना म्हणतात, तरीपण जरा कडकच ठेवा. डोक्याची मंडई होते नुसती.

माझं ऐकणारं एकच माणूस होतं, माझी मोठी बहीण. ताई सटाण्याला शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर तिनं दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. सासरचे म्हणाले, हे काय खूळ. दाजी तर त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. मी तिला शॉकअपच्या डोक्यावरचा नॉब दाखवला. पूर्ण आवळायचा, मग क्लिक मोजत मागे सोडायचा. जितके क्लिक सोडाल तितकी गाडी नरम: ट्रॅकसाठी तीन, रस्त्यासाठी अकरा. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पाटीकडे बघून म्हणाली, बरं, इथून पुढं मी कडक म्हटलं तर ताठच समज. आणि तिनं ते पाळलं. गाडी छान चालली की ती छान म्हणायची.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी हायवेजवळच्या खासगी ट्रॅकवर आम्ही दोघं गेलो, ती तिच्या गाडीनं, मी मोटारसायकलनं. मी तिची गाडी तीनवर आणली. काय चालवली बाईनं! तिथल्या निम्म्या पुरुषांपेक्षा तिची वेळ कमी आली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. तेवढ्यात एक गॉगलवाला जवळ आला आणि म्हणाला, भाऊ, मॅडमची गाडी कडक केलीय तुम्ही, अशी गाडी असल्यावर कुणीही पळवेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला म्हणालो, मग बस तिच्या गाडीत आणि दाखव पळवून. शब्दानं शब्द वाढला, माणसं मध्ये पडली. मी हेल्मेट उचललं, मोटारसायकलला किक मारली आणि तडक नाशिकला निघून आलो. ताई तिथून परस्पर सटाण्याला जाणार होती. निघण्याआधी तिची गाडी अकरावर सोडायची, हे काम माझं होतं. रागाच्या भरात ते साफ विसरलो.

दुपारी तिचा फोन आला. पिंपळगावला चहाला थांबली होती. म्हणाली, "गाडी कडक आहे रे."

मी अजून त्या गॉगलवाल्याशी मनातल्या मनात भांडत होतो. म्हणालो, "असणारच. सेटिंग केलंय कुणी!"

 ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

देवळ्याच्या पुढं एका वळणावर डांबर उखडलेलं होतं. गाडीचा मागचा भाग उडाला, सरकला, आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. ताईचं उजवं मनगट मोडलं. पोरांना फळ्यावर शिकवायचा हात तो.

गाडी टेम्पोवर चढवून माझ्याकडे आली. मी बॉनेट उघडून नॉब आवळला. एक, दोन, तीन. तिथंच अडला. दुसरा बघितला, तोही तीन. पाटीखाली उभा राहून मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारचा लेथवाला बघायला आला.

पण खरा हलकटपणा पुढं आहे. सटाण्याला सगळे म्हणत होते, बाईमाणसाला कशाला हवा होता असला नाद. वेग आवरला नसेल. दाजींनी गाडी विकायचं ठरवलं. मी दर दोन दिवसांनी भेटायला जायचो, द्राक्षं न्यायचो, हे सगळं ऐकायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एका परक्या माणसानं तिच्या हाताला नावं ठेवली तेव्हा मारामारीला उठलेला मी, घरातले तेच बोलत होते तेव्हा माझी दातखीळ बसली होती. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एक दिवस गाडी बघायला माणूस आला. मी आणि दाजी गॅरेजमध्येच होतो, ताईही आली होती, हात गळ्यात बांधलेला. त्यानं विचारलं, अपघात कशानं झाला? दाजी म्हणाले, चालवणारीची चूक.

मी म्हणालो, "नाही. चूक माझी. गाडी ट्रॅकवरच्या सेटिंगवर तशीच सोडून मी निघून आलो. तिनं फोन करून सांगितलं, तेही मी ऐकलं नाही."

 दाजींनी त्या माणसाला परत पाठवलं. ताई म्हणाली, "मला पिंपळगावलाच कळलं होतं. पण सेटिंग करणारा तू, तूच 'असणारच' म्हणालास, म्हणून निघाले. पुढं तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होते." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

प्लास्टर निघाल्यावर ती दुरुस्त झालेली गाडी न्यायला आली. मी नॉबकडे हात नेला तर तिनं तो बाजूला केला. अजून नीट न वळणाऱ्या मनगटानं तिनं स्वतः चारही नॉब आवळले आणि मोठ्यानं मोजत अकरापर्यंत सोडले. दाजी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मी खिडकीशी वाकून विचारलं, कशी वाटतेय?

ती म्हणाली, "चालवून सांगते. या वेळी नीट ऐक."