दोन साडू, दोन कॅमेरे

गल्लीत त्यांना सगळे कवळीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, आणि कामात ते इतके काटेकोर की ‘मास्तर’ हे आपोआपच चिकटलं. खोली लहान होती. भिंतीलगत लांब ओटा, त्यावर वाळत घातलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचं चाक आणि एक भलीमोठी खिडकी. नवीन माणूस आत डोकावला की ते जबडे बघून दचकायचा. मास्तर मान वर न करता म्हणायचे, “या, या. चावत नाहीत. अजून मालक मिळायचेत त्यांना.”

त्यांनी कॅमेरा घेतला तो हौस म्हणून नव्हे, कामासाठी. दाताचा रंग जुळवणं फार नाजूक काम. डॉक्टरीणबाई रंगाची पट्टी पेशंटच्या ओठाशी धरून चिठ्ठीवर रंग लिहून पाठवायच्या, पण दिव्याखाली एक रंग दिसायचा आणि रस्त्यावर दुसराच. मग मास्तरांनी एक चपटा, रुपेरी डिजिटल कॅमेरा आणला. शर्टाच्या खिशात सहज मावणारा. पेशंटला खिडकीपाशी बसवायचं, फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबायचं आणि अगदी जवळ जाऊन दातांचा फोटो काढायचा. त्या कॅमेऱ्यात रंग जसाच्या तसा यायचा. मास्तर खूश झाले, आणि कामापुरता आणलेला कॅमेरा बघता बघता त्यांच्या खिशातच राहायला लागला. दाराची जुनी कडी, बायकोच्या हातातली सुई, लेकीच्या गुडघ्यावरची खपली, असलं काहीबाही ते टिपत बसायचे.

मास्तरांच्या बायकोला एकच बहीण, थोरली. घरात सगळे तिला ताई म्हणत. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचे साडू, लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचा सगळा दिवस उंच इमारतींच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत जायचा. काम आटोपलं की गच्चीच्या कठड्याशी उभं राहून डबा खायचा आणि लांबवर बघत बसायचं, ही त्यांची चैन. मास्तरांच्या खिशात कॅमेरा येऊन महिनाही झाला नसेल, तोच साडूंनी आपलाही आणला. काळा, जाडजूड, हातात भरणारा, पुढे लांबलचक नळी निघणारा.

“तुम्ही घेतलात म्हणून नाही हं घेतला,” ते दारातूनच म्हणाले. “माझं आधीपासून डोक्यात होतं.”

“मी कुठे काय म्हणालो?” मास्तर म्हणाले. “वजनाचं काय पण? काटा आणू का?”

तिथून जी जुंपली ती पुढची कित्येक वर्षं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही कुटुंबं तलावावर जायची. सतरंजी पसरून होत नाही तोच दोघे साडू विरुद्ध दिशांना. साडू पलीकडच्या काठावरचा पक्षी इथे बसून आणायचे. मास्तर गवतात पालथे पडून मुंगीचे पाय मोजायचे. मग सगळी डोकी त्या एवढ्याशा पडद्यांवर आदळायची. “बघू, बघू!” “बोटं लावू नका रे!” साडू म्हणायचे, “मास्तर, तुमच्या कॅमेऱ्याला समोरचा डोंगर दिसत नाही.” मास्तर म्हणायचे, “आणि तुमच्याला समोरचा माणूस. बघा, माझं नाक निळं आलंय.” साडूंचा कॅमेरा पेन्सिल सेलवर चालायचा आणि ते भर जेवणात संपायचे. मास्तरांचा घरून चार्ज करून न्यावा लागायचा आणि नेमका तो दिवस ते विसरलेले असायचे. दोन्ही बहिणी झाडाला टेकून हा तमाशा बघायच्या. “घरात पोरं कमी होती का,” ताई तोंडावर हात ठेवून हसायची, “म्हणून हे दोन?”

तोंडावर हात ठेवल्याशिवाय ताई कधी हसत नसे. तिचे पुढचे दात लहानपणापासून वेडेवाकडे होते. शिवाय साडू फोटो काढायचे तेच मुळी पन्नास पावलांवरून. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत ताई लांबवर, छोटीशी आणि तोंडापुढे हात.

पुढे फोन आले. सगळ्यांच्या हातात कॅमेरा आला आणि ‘बघू बघू’ म्हणत कुणी कुणावर पडेनासं झालं. मास्तरांचा कॅमेरा ओट्याच्या खणात गेला, साडूंचा एका लोकरीच्या मोज्यात. दोघांनी कामं सोडली. मग ताई आजारी पडली आणि गेली. साडू बोलायला आधीच हिशेबी, आता तर विचाराल तेवढंच उत्तर. मास्तर रविवारी जायचे, दोघे चहा प्यायचे, खिडकीतून बघायचे आणि मास्तर परत यायचे.

अशातच एक दिवस मास्तरांच्या लेकीचा फोन आला. तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती.

“बाबा, तुमचा तो जुना कॅमेरा आहे का हो? मी फोटोसाठी फोन हातात घेते आणि थोड्या वेळाने बघते तर कुणाचे तरी निरोप वाचत बसलेली असते. तोवर पोर खुर्चीखाली. मला नुसता कॅमेरा हवाय. ज्यात दुसरं काही नाही.”

मास्तरांची छाती फुगली. “आहे म्हणजे? आजच आणून देतो.”

“थांबा ना. मी काकांनाही विचारलं. ते म्हणाले, मास्तरांचा नको घेऊस, माझा घे.”

“साडू असं म्हणाले?”

“म्हणाले. आणि हसलेसुद्धा, बाबा.”

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “ठीक आहे. होऊन जाऊ दे. रविवारी दोघंही येतो. रोजच्या वापराला कुठला बरा ते तू ठरव.”

खणातला कॅमेरा काढला तर बॅटरी पावासारखी फुगलेली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने ती बघून भुवया उंचावल्या, पण शोधून शोधून तसलीच एक मिळवून दिली. घरी येऊन मास्तरांनी बटण दाबलं. झूं करून भिंग बाहेर आलं आणि त्यांना एकदम आपल्या खोलीतला मेणाचा वास आला. ते जेवणाच्या टेबलाशी बसून जुने फोटो मागे मागे नेऊ लागले. दात, दात, खपली, दात, कात्री, पुन्हा दात. आणि मग ताई.

ते विसरले नव्हते. फक्त बरीच वर्षं तिकडे बघितलं नव्हतं. ताईच्या पहिल्या आजारपणात, मास्तर अजून काम करत होते तेव्हा, औषधांनी तिचे दात हलले आणि पुढचे सगळे काढावे लागले. एका दुपारी ती एकटीच, तोंडाला रुमाल लावून, मास्तरांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

“भावजी, तुम्हीच करा. पण असे, दात नसलेले फोटो यांना दाखवायचे नाहीत. शपथ वगैरे नको, नुसतं हो म्हणा.”

“हो,” मास्तर म्हणाले, आणि कामापुरते त्या दात नसलेल्या तोंडाचे फोटो काढून घेतले.

त्यांनी तिचे दात जीव ओतून केले. अगदी सरळ केले नाहीत. एक दात जरासा तिरका ठेवला, नाहीतर ती ताई वाटली नसती. कवळी बसवली की मास्तर प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला लावत, ‘फुफ्फुस’. तो नीट उच्चारता आला की दात नीट बसले. ताईने खिडकीपाशी बसून गंभीरपणे म्हटलं, “फुफ्फुस.” मग स्वतःलाच ऐकून तिला असं काही हसू फुटलं की हात तोंडापर्यंत न्यायचं भानच राहिलं नाही. मास्तरांचं बोट बटणावर होतंच. एकामागून एक पाच-सहा फोटो निघाले. उजेड गालावर, डोळे मिटलेले, आणि तोंडभर हसू.

बायको मागे येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलं नाही. तिने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली.

“लहानपणी अशी हसायची ताई,” ती म्हणाली. “मोठ्या वर्गात कुणी मुलगी काहीतरी बोलली आणि मग तिने हात लावायला सुरुवात केली.”

“साडूंना दाखवू?”

“शब्द तुम्ही दिला होता. मला काय विचारता?”

“तिने दात नसलेल्या फोटोंबद्दल सांगितलं होतं. या हसऱ्या फोटोंबद्दल काही बोलली नव्हती.”

“मग तुमचं ठरलेलंच आहे की,” बायको म्हणाली आणि नाक ओढत चहा ठेवायला उठली.

रविवारी साडू आधीच येऊन बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. काळ्या कॅमेऱ्याच्या सेलचं झाकण तुटलं होतं, त्याला त्यांनी रबरबँड लावला होता.

“रबरबँडचे गुण कापायचे हं,” मास्तरांनी बसण्याआधीच सांगितलं.

“आणि फुगलेल्या बॅटरीचे? लेकीने सगळं सांगितलंय मला.”

सामना सुरू झाला. नात गालिच्यावर रांगत होती. मास्तर तिच्या समोर गुडघ्यांवर गेले. भिंग दिसताच ती भराभर पुढे आली आणि कॅमेरा तोंडात घालायला बघू लागली. मास्तर मागे मागे सरकत सोफ्याला आदळले. साडू स्वयंपाकघराच्या दारात निवांत उभे राहिले आणि तिथूनच भिंगाने तिला जवळ ओढत टिपत राहिले. पोरीला पत्ताच नाही. मग ती पडद्याआड, अंधाऱ्या कोपऱ्यात शिरली. तिथे मास्तरांच्या फोटोत नुसता पांढुरका ढग आला. साडूंनी फ्लॅश मारला, तर पोरीने भोकाड पसरलं.

“गेले तुमचे गुण!” मास्तर ओरडले.

जेवणानंतर लेकीने दोन्ही कार्डं कॉम्प्युटरला लावली. तिने एकेक फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितला. मास्तरांच्या फोटोत पोरीच्या गालाचा रंग खरा होता, पापणीन् पापणी मोजता येत होती. पण दहातले सहा हललेले. साडूंचे फोटो थोडे निळसर, कडा मऊ. पण पोर त्यात आपल्या तंद्रीत होती, कुणाकडे बघत नव्हती. शिवाय सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

“बाबा, रागावू नका,” लेक म्हणाली. “फोटो तुमचा सुंदर. पण ही एका जागी बसत नाही. रोजच्याला मला काकांचाच बरा.”

 साडूंनी पाण्याचा पेला उचलून मास्तरांच्या दिशेने किंचित उंचावला. मास्तरांचा चेहरा पडला होता, पण त्यांचं लक्ष निम्मं दुसरीकडेच होतं.

“साडू,” ते म्हणाले, “माझ्या कार्डात तुमचं काहीतरी आहे.”

त्यांनी थोडक्यात सांगितलं. दुपार, रुमाल, खिडकी, फुफ्फुस. मग कार्ड परत चपट्या कॅमेऱ्यात घालून नेमका पहिला हसरा फोटो लावला आणि साडूंपुढे धरला.

साडूंनी तो घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. खोलीत फक्त पोर ठोकळे आपटत होती.

“हात कुठे गेला हिचा?” ते म्हणाले.

“विसरली.”

“मला कधी...” साडू थांबले. त्यांनी बटण दाबून पुढचा बघितला, मग त्याच्या पुढचा. “इतकी वर्षं मी लांबून काढत राहिलो. जवळ गेलो की ती तोंड झाकायची. म्हटलं, लांबून काढले तर विसरेल.” मग एकदम त्यांनी विचारलं, “आणि ते? दात नसलेले?”

“आहेत. पण मी तिला हो म्हटलं होतं.”

“मग राहू देत.” साडू हसले. डोळे भरले होते आणि तरी हसले. “मला काय माहीत नव्हतं होय? दिवा मालवला की कवळी हळूच वाटीत ठेवायची. तिला वाटायचं, मला झोप लागली. मीही घोरून दाखवायचो.”

मास्तरांची बायको हुंदका देत हसली. लेक उठून काकांच्या खुर्चीच्या हातावर बसली. “प्रिंट काढून आणू का, काका? मोठी?”

“आण. पण हा मी नेऊ का, मास्तर? काही दिवस. याच्यातच बघायला बरं वाटतंय.”

“न्या की.” मास्तरांनी कार्डातले दात नसलेले ते मोजके फोटो तिथेच पुसून टाकले, आणि चार्जर पिशवीत घालून दिला. दोन्ही बाजूंनी पिन नीट बघून लावायची, रात्रभर चार्जिंगला ठेवायचा नाही, असं तीनतीनदा बजावलं.

ते काही दिवस संपले नाहीत. मास्तरांनी कॅमेरा परत मागितला नाही आणि साडूंनी दिला नाही. ताईचा फोटो चौकटीत बसून साडूंच्या जेवणाच्या टेबलासमोर लागला, तरी कॅमेरा त्यांच्या खिशातच. पुढच्या रविवारी मास्तर गेले तर साडू जिन्यातच भेटले, तक्रार घेऊन.

“मास्तर, तुमचा हा कॅमेरा लांबचं काही घेतच नाही.”

“मग जवळ जा.”

“गेलो होतो. फळवालीच्या पेरूंपर्यंत गेलो. तिने हाकलून दिलं. म्हणाली, हुंगून बघायचे असतील तर विकत घ्या.”

“घेतलेत ना?”

“घेतले. काय करणार?”

दोघे वर आले. साडूंनी पेरू कापले, खिडकीजवळ खुर्च्या ओढल्या आणि आठवडाभराचे फोटो दाखवायला सुरुवात केली. दाराची साखळी, पेल्याची कड, स्वतःचा अंगठा, पुन्हा अंगठा. मास्तर चष्मा कपाळावर सारून वाकले. “बघू, बघू,” ते म्हणाले, “अहो, बोट बाजूला घ्या.”