थोरल्या जाऊबाईंची आंबील

मी डार्क फँटसी लिहिते. हे नाव प्रकाशकांनी दिलेलं. धाराशिवात आमच्या गल्लीत त्याला ‘भुतांची पुस्तकं’ म्हणतात आणि सासरी, बेंबळीत, ‘धाकटीचं ते कायतरी’. शाप, काळं पाणी, माणसांच्या सावल्या विकणारा बाजार असलं सगळं मी भरदुपारी, भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते. अंधारात लिहीत नाही, कारण अंधाराची मला भीती वाटते. लाइट गेली की मी आधी नवऱ्याला हाक मारते आणि मग मेणबत्ती शोधते.

पुस्तक लिहिणं एकवेळ सोपं, ते लोकांच्या हातात घालणं अवघड. शाळेत गॅदरिंगला पाहुणी म्हणून गेले की मुख्याध्यापक चहाबरोबर कानात सांगतात, “मॅडम, पोरांना जास्त घाबरवू नका, परीक्षा जवळ आल्यात.” महिला मंडळात खांद्यावर शाल टाकता टाकता विचारतात, “घरी चालतं का हो तुम्हाला हे?” एका प्रदर्शनात माझं टेबल लोणच्यांच्या स्टॉलला लागून होतं. दिवसभर लोक माझ्यापुढं थांबायचे, पुस्तकावरची कवटी बघायचे आणि विचारायचे, “लिंबाचं कसं दिलं?” एका बाईंनी मात्र पुस्तक घेतलं, सही घेतली आणि म्हणाल्या, “सासूबाईंना देते. त्यांना झोप फार लागते.”

पण सगळीकडं शेवटचा प्रश्न एकच असतो. “मॅडम, हे खरं आहे का?” आता मी सरळ ‘नाही’ म्हणते. समोरचा चेहरा पडतो, हातातलं पुस्तक हळूच टेबलावर परत येतं. पूर्वी मी असं म्हणत नव्हते. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या विहिरीच्या कादंबरीत एक थोरली बाई आहे. अमावस्येला ती शेतातल्या विहिरीवर मडकं घेऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आंबील पाजते. पिणारा घरी जातो, पण त्याची सावली विहिरीत राहते. सावली गेलेला माणूस मग हळूहळू वाळत जातो. ही थोरली मी कुठून आणली? माणूस जवळचंच उचलतो, दूरचं आणायला कोण जातंय! हिरवं लुगडं, वरच्या ओठावरचा तीळ, पदर खोचून “घे, आनखी घे” असा आग्रह करायची लकब, सगळं मी आमच्या थोरल्या जाऊबाईंचं घेतलं. विहीर त्यांच्याच शेतातली. आंबील तर त्यांचीच.

पुस्तक आल्यावर मोबाइलवर मुलाखती घेणारा एक तरुण घरी आला. दिवा लावला, पडदे ओढले. शेवटी त्यानं तो प्रश्न विचारला. मी खाली बघितलं, थोडं थांबले (थांबायचं कसं हे मला एव्हाना छान जमायला लागलं होतं) आणि म्हणाले, “विहीर आमच्या बेंबळीच्या शेतात आहे. आणि ती थोरली… ती आमच्या घरातच आहे.” तरुणाच्या हातावर काटा आला. त्यानं तो कॅमेऱ्याला दाखवला. मला फार बरं वाटलं.

व्हिडिओ खूप लोकांनी बघितला. बेंबळीतही.

आता वेळ अमावस्येचं सांगायला हवं. आमच्याकडं हिवाळ्यातल्या या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही. गावं, पेठा ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात जातात. ज्वारी कमरेला लागलेली असते. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत “वलगे वलगे” ओरडत कोपीला फेऱ्या घालायच्या आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ओळखीचा-बिनओळखीचा जो वाटेनं जाईल त्याला हाक मारून बसवायचं. आपण त्यांच्या कोपीवर जायचं, त्यांनी आपल्या कोपीवर यायचं. बोलावलेल्या माणसानं काही न खाता पुढं जाणं म्हणजे तोंडात मारल्यासारखं.

आमच्या शिवारात आंबील म्हणजे थोरल्या जाऊबाईंची. ताक त्या आदल्या दिवसापासून आंबवत ठेवतात, लसूण-आल्याचा वास बांधावरून कळतो. दुपार कलायच्या आत मडकं रिकामं होतं आणि सगळ्यांदेखत त्या ते कोपीपुढं पालथं घालतात. वर्षभर शेतात राबणाऱ्या, कधी कुणापुढं चार शब्द न बोलणाऱ्या या बाईचा तेवढा एक मान. पालथं मडकं.

प्रकाशक फोनवर म्हणाले, “वाचकभेट त्या विहिरीवरच ठेवली तर?” आणि माझ्या सुपीक डोक्यात आलं की वेळ अमावस्येला ठेवू! शेतात कुणालाही बोलावता येतं, जेवण तयार असतंच, वर अमावस्या. मी लगेच मोबाइलवर जाहीर करून टाकलं, “या, थोरलीच्या हातची आंबील प्यायला. हिंमत असेल तर.” जाऊबाईंना फोन करून म्हटलं, “अक्का, माझे थोडे वाचक येतील.” त्या खूश झाल्या. “येऊ दे की. मडकं मोठं घेते.”

वाचक आले ते एकूण एक काळ्या कपड्यांत. कॉलेजची पोरं-पोरी, डोळ्यांत काजळ, कुणाच्या गळ्यात कवट्यांची माळ. मीही काळी साडी नेसले होते. प्रकाशक म्हणतात, तो माझा ब्रँड आहे. जाऊबाई कोपीतून वाकून बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

“अगं धाकटे, संक्रांतीला अजून अवकाश हाय की! आत्ताच काळं घातलं व्हय समद्यांनी?”

पोरं खो खो हसली. मीही हसले. पण पूजा झाली, फेऱ्या झाल्या, पंगत मांडली, तरी शेजारच्या शेतातलं कुणी आलं नाही. पलीकडच्या बांधावरून धूर दिसत होता, हसणं ऐकू येत होतं. जाऊबाईंनी पदर खोचून हाक मारली, “या की ओ, आंबील प्यायला!” एकजण म्हणाला, “झालं आताच जेवन.” दुसरी म्हणाली, “पोटात कसंतरी हुतंय, वयनी.” बाकीचे नुसतेच वाट वाकडी करून गेले. आमच्या विहिरीकडं बघत, आणि माझ्या काळ्या साडीकडं बघत.

मला कळलं. लगेच कळलं. पण मी वाचकांना विहिरीच्या पायऱ्या दाखवत राहिले, कारण सही घ्यायला रांग लागली होती.

तेवढ्यात एक मुलगी जाऊबाईंपुढं जाऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, तीळ, मडकं. तिचे डोळे मोठे झाले. “मावशी, तुम्हीच ना त्या थोरल्या?”

“व्हय, मीच थोरली,” जाऊबाई लाजल्या. “सांगितलं का हिनं माझं?”

“सांगितलं म्हणजे! सगळं लिहिलंय!”

मग फोटोच फोटो. जाऊबाई प्रत्येकाशेजारी नीट उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा करून. एक मुलगा तांब्या तोंडापाशी धरून मोबाइलमध्ये बोलायला लागला, “बघा, मी पितोय. माझी सावली गेली तर आईला सांगा.” सगळे हसले. त्यांच्याबरोबर जाऊबाईही हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“धाकटे, जरा हिकडं ये.”

कोपीमागं कडब्याच्या पेंढ्या पडल्या होत्या. त्या उभ्याच राहिल्या.

“काय लिवलंयस?”

मी सांगितलं. घरात लग्नकार्याला पोरांना गोळा करून गोष्ट सांगणारी मीच. पण अशी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. खाली मान घालून, पटापट, शेवट आधी.

“माझा तीळ बी घेतलास?”

“व्हय, अक्का.”

“मानसं मारते व्हय मी?”

“मारत नाही… सावली ठेवून घेता.”

“म्हंजी मारल्यातच जमा.” त्या बांधापलीकडच्या धुराकडं बघत होत्या. “तुझं पयलं पुस्तक आलं तवा म्या गावात पेढे वाटले. बारीक अक्षर दिसत न्हाय, म्हनून आत काय हाय ते इचारलं न्हाय. वाटलं, आपल्याच घरचं हाय, चांगलंच आसंल.”

मी साडीच्या काठाशी खेळत राहिले. या वयात.

“उचल मडकं,” त्या म्हणाल्या. “समद्या कोपीवर जा. आदी तू प्यायची, त्येंच्यादेखत. मग त्येंना द्यायची.”

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं, अंगात काळी साडी, अशी मी बांधावरून निघाले. मडकं डोक्यावर घ्यायची सवय सुटून वर्षं झाली होती. आंबील मानेवरून पाठीत उतरत होती. वाचक मोबाइल धरून मागोमाग. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

पहिली कोप चुलत सासऱ्यांची. मी मडकं उतरवलं, तांब्या भरला, घटाघट प्यायले. “मामंजी, घ्या. मी मोबाइलवर खोटं बोलले होते.”

“पुस्तकात खोटं का मोबाइलवर खोटं?”

“दोन्हीकडं.”

“मग आत्ता खरं बोलतीस कशावरनं?” त्यांनी मिशी पुसली. “न्हाय बाबा, सूनबाई. तू आमच्या घरची, शिकलेली. तू उगंच बोलशील व्हय?”

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. “मॅडम, काय परफॉर्मन्स!” मी वळून म्हटलं, “मोबाइल खिशात घाला रे पोरांनो. हा परफॉर्मन्स नाही, माझी फजिती आहे.” काहींनी घातले. काहींना ते वाक्यही आवडलं असावं.

दुसऱ्या कोपीवर पुन्हा तांब्या. तिथंही कुणी हात पुढं केला नाही. एका बाईनं लेकराला पदराआड घेतलं. मला पाहून! झुरळाला बघून माझीच बोबडी वळते, हे तिला कसं सांगणार? तिसऱ्या कोपीवर पोचेतो माझं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. आंबट ढेकर येत होते. तरी मी तांब्या भरला. तिथं आमच्या एक म्हाताऱ्या चुलत सासूबाई कडब्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“पुरं कर गं. पोट फुटंल.”

“प्यायलाच हवी, आत्याबाई. अक्कांनी सांगितलंय.”

“रडतीस कशाला? आन हिकडं.”

तांब्या हातातून घेऊन त्यांनी आंबील प्यायली. सगळी. म्हातारीनं तोंड पुसलं, सावकाश मान वळवून पाठीमागं जमिनीवर बघितलं.

“हाय की,” ती म्हणाली. “वाकडीच हाय, पर हाय.”

पहिल्यांदा पोरं हसली, मग बाया. एकीनं वाटी पुढं केली. “थोरलीचीच हाय न्हवं? दे वाईच.” मग आणखी दोघी. चौथ्या कोपीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. तिथं काहींनी घेतली, काहींनी म्हातारीची सावली संध्याकाळपर्यंत टिकते का ते बघू म्हणून ठेवून दिली. पहिल्या कोपीवरचे मामंजी काही उठले नाहीत.

परत आले तेव्हा वाचक पांगत होते. जाऊबाई कोपीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मडक्यात वाकून बघितलं. तळाला आंबील होती, दोन-तीन माणसांपुरती. मी तांब्या उचलला, म्हटलं संपवून टाकावी. त्यांनी माझा हात धरला.

“तू नगं. लोकांनी संपवायची आसती.”

मडकं त्यांनी पालथं घातलं नाही. वर ताट झाकलं आणि बाजूला, कोपीच्या सावलीत सरकवलं. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच ते तसं उभं राहिलं.

“कुनी कुनी पिली?”

‘सगळ्यांनी’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्या शब्दानं त्यांना बरं वाटलं असतं. मलाही. आणि थांबायचं कसं, खाली कसं बघायचं, हे मला चांगलं जमतं.

“आत्याबाईंनी,” मी म्हटलं. “आणखी थोड्या बायांनी. निम्मी मीच प्यायले.”

जाऊबाईंनी मान हलवली. मग कमरेवर हात ठेवून उठल्या, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तिळाशेजारी ओठ किंचित वर गेला.

“निम्मी तूच पिलीस व्हय? मग बघ बाई मागं. सावली हाय का.”

आणि मी खरंच बघितलं.

ऊन उतरलं होतं. सावली होती, लांबलचक, थेट जाऊबाईंच्या पायापर्यंत गेलेली. त्यांनी मडकं कडेवर घेतलं आणि सावलीवर पाय न देता, बाजूनं, घराकडं निघाल्या.