बारा लाल धागे

लाहू माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कोणी विचारेल, हा त्याचा भाऊ कसला?

मी प्रविण. शाळा सातवीपर्यंत. पण घोलवडच्या रस्त्याला माझी नर्सरी आहे आणि बोर्डावर माझं नाव हातभर अक्षरात आहे. डहाणूपासून तलासरीपर्यंत चिकूच्या कलमाचं विचारा, लोक माझंच नाव घेतील. आमच्या घरात बापाच्या वेळेपासून येशूची प्रार्थना. रविवारी सभेत साक्ष द्यायला मी उभा राहिलो की मागे बसलेली पोरंसुद्धा गप्प होतात.

लाहू कधी उभा राहिला नाही. चार माणसांत बोलायला लाजतो. पण कलम बांधावं तर त्यानंच. रायणीचं, म्हणजे खिरणीचं, रोप पिशवीत वाढवायचं, ती पिशवी चिकूच्या झाडावर टांगायची, रोपाला आणि फांदीला काप देऊन दोघांना एकत्र बांधायचं. तीनेक महिन्यांत जुळलं की फांदी तोडून घ्यायची. कधी कधी वरची चिकूची काडी वाळते आणि खालची रायणच फुटते. नव्या माणसाला ते हिरवंगार रोप दिसतं. लाहूला लांबून कळतं. चिकूचं पान टोकाला निमुळतं, रायणीचं बोथट. असं मेलेलं कलम दिसलं की तो त्याला लाल धागा बांधून मागे ठेवतो आणि शनिवारी सगळी उपटून टाकतो.

सकाळी सुरी धुतली की तो डोळे मिटून उभा राहतो. एकदा मी विचारलं, "रोज रोज काय मागतोस रे देवाकडं?"

"मागत नाही, दादा. काल किती मेली ते सांगतो."

"त्याला माहीत नसतं का?"

"त्याला असतं. मला सांगायची सवय राहायला पाहिजे."

तेव्हा मी हसलो. आणि पुढच्या रविवारी ही गोष्ट सभेत माझी म्हणून सांगितली. लाहू खाली चटईवर बसून ऐकत होता.

२०१४ साली अण्णा आले. रेल्वेतून रिटायर झालेले, उधव्याला त्यांची जमीन. त्यांना चाळीस कलमं पाहिजे होती. माझ्याकडं अठ्ठावीस तयार. पण नाही म्हणायचं मला कधी जमलं नाही, नर्सरीवाल्यानं नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या फाटकात जातं. लाहू त्या आठवड्यात सासरी होता, त्याची बायको बाळंत झाली होती. मागे लाल धाग्याची बारा रोपं होती. बाराही धागे मी माझ्या हातानं सोडले आणि ती रोपं टेम्पोत चांगल्यांच्या मधोमध लावली. अण्णांना म्हटलं, "लाहूच्या हातचं कलम आहे, डोळे झाकून लावा."

लाहू आला. मागे गेला. मूठभर धागे घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"दादा, ही कुठं गेली?"

मी खरं सांगितलं. त्याच्यासमोर खोटं बोलायला तयारी लागते, ती नव्हती.

"अण्णांना सांग. बदलून देऊ. मी परत बांधतो."

"सांगतो."

आठ दिवसांनी त्यानं विचारलं, तोपर्यंत माझी तयारी झाली होती. म्हटलं, "सांगितलं. दुसऱ्या नर्सरीतून बारा आणून बदलून पण दिली." तो एवढा खूश झाला की दुपारी माझ्यासाठी ताडगोळे घेऊन आला. ते मी खाल्ले.

चार वर्षं गेली. २०१८ च्या सप्टेंबरात अण्णा नर्सरीत आले, हातात एक फांदी. डहाणूची दोन गिऱ्हाइकं रोपं बघत होती. अण्णांनी फांदी माझ्या टेबलावर ठेवली.

"प्रविण, अठ्ठावीस झाडांना फळ धरलं. बारा नुसतीच वाढतायत. शेजारचा म्हणतो ही रायण आहे. पान बघ."

पान बोथट होतं. गिऱ्हाइकं बघायची थांबली. मागे लाहू पिशव्या भरत होता, त्याचाही हात थांबला. मला तेव्हा एवढंच दिसलं की बोर्डावर माझं नाव आहे.

मी म्हटलं, "काय आहे अण्णा, तेव्हा लाहूचा हात नवा होता. शिकत होता तो."

लाहूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ताडगोळे आठवले असतील, मला तर आठवले.

"काय रे," अण्णा त्याला म्हणाले, "माझ्या जमिनीवर शिकलास होय?"

"कलमं मीच बांधली होती, अण्णा. ती मेली होती," लाहू म्हणाला. "उद्या सकाळी येतो. त्याच रायणीच्या फुटव्यावर चिकू बांधतो. नाही जुळली तर नवी रोपं देऊ."

संध्याकाळी घरी जाताना तो माझ्या पुढे चालत होता. फाटकाशी थांबला.

"मी खोटं बोललो नाही, दादा. पण पूर्ण पण बोललो नाही. राहिलेलं तुझं आहे. ते मी कसं बोलू?"

माझ्या बायकोला, शुक्रीला, सगळं आधीच कळलं होतं. ताट वाढताना म्हणाली, "बोर्डावर नाव तुमचं, शिव्या लाहूभाऊला. वाटणी चांगली केलीत." मी जेवलो नाही. आणि जेवलो नाही हे कोणाच्या लक्षात यावं असंही मला वाटत होतं. एवढा मी लहान माणूस.

सकाळी उठलो तर लाहू पहिल्या गाडीनं उधव्याला गेलेला. मी मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा तो तिसऱ्या झाडापाशी उकिडवा बसला होता, चिकूच्या काड्या ओल्या फडक्यात. अण्णा चहाचा कप घेऊन वर उभे.

"आता तरी हात बसला का रे, का अजून शिकतोस?"

लाहू कापाकडं बघत राहिला.

"अण्णा," मी म्हटलं. सभेत घुमतो तो आवाज कुठं गेला कोण जाणे. "त्यानं ही बारा टाकायला ठेवली होती. लाल धागे बांधून. मी धागे सोडून तुम्हाला दिली. त्याला सांगितलं बदलून दिली. आणि काल त्याच्यावर ढकललं."

अण्णांनी लाहूकडं बघितलं. "खरं?"

"हो," लाहू म्हणाला.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "काल दोन माणसं उभी होती तिथं. ती काय समजून घरी गेली?"

त्यांचे नंबर माझ्याकडं होते. तिथंच उभा राहून दोघांना फोन केला. एकानं सगळं ऐकून विचारलं, "मग आता तुमच्याकडनं रोपं घ्यायची की नाही?" मी म्हटलं, "लाहू दाखवेल ती घ्या. मी दाखवेन ती नको."

फोन ठेवला. लाहूनं वर न बघता प्लास्टिकची पट्टी पुढे केली.

"दादा, हे टोक धर. ओढू नको, नुसतं धर."

मी त्याच्या शेजारी मातीत बसलो आणि धरलं.