टाकीतला अकरावा मासा

टाकीत अकरा मासे होते. मी परत मोजले. अकराच. चार दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी दहा सोडले होते.

निकाल घ्यायला आलेले तांब्याच्या खाणीचे जनरल मॅनेजर मात्र हरखून गेले होते. "सगळे जिवंत! मॅडम, करा सही."

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या आमच्या लॅबमध्ये मी पाण्याची चाचणी माशांवर घेते. खाणीतलं पाणी शुद्ध केलं तरी त्यात विरघळलेलं तांबं उरू शकतं. ते माशांचे कल्ले निकामी करतं. म्हणून त्या पाण्यात दहा झेब्राफिश चार दिवस ठेवायचे. नऊ जगले तर पास. मी सही केली की ते पाणी नदीत सुटणार होतं. सॅम्पल घ्यायला गेले तेव्हा त्या नदीवर पोट असलेली कोळ्यांची वस्ती मी पाहिली होती. आकडा जुळेपर्यंत मी सही करणार नव्हते.

"बाळंतपण झालं असेल," आमचे डायरेक्टर सेन सर म्हणाले.

"चार दिवसांत एवढा घोडा, सर?"

मी आमच्या जुन्या लॅब अटेंडंटना, बिमलदांना, बोलावलं. "हा अकरावा कुठला?"

"ओटा फाउ, दीदी."

ओटा म्हणजे ‘तो’, आणि फाउ म्हणजे कोलकात्यात दुकानदार खुशीने वर एक फुकट देतो तो. पुचकेवाला, म्हणजे आपला पाणीपुरीवालाही देतो.

"आणि विकत किती आणले?"

"सहा." सकाळी सहा मासे मेलेले दिसले. पाहुण्यांसमोर मेलेले मासे? अशुभ! बिमलदा धावत अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेले होते.

मला हसू आवरेना. टेबल धरून हसले. सेन सरही चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"पण आत्ता तर जिवंत आहेत ना?" मॅनेजरांनी चिकाटी सोडली नाही.

"सर, ते आजच जॉइन झालेत."

चाचणी फेल. मॅनेजरांनी तिथूनच प्लांटला फोन लावला. पाण्यात चुना घातला की तांबं गाळ होऊन तळाशी बसतं; तो चुना सोडणारं मशीनच चोक झालं होतं. दुरुस्ती झाली. नवं सॅम्पल, नवे दहा मासे. या वेळी टाकीच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये.

चौथ्या दिवशी दहाच्या दहा जिवंत! मी बिमलदांचे हात धरून लॅबमध्ये चक्क फुगडी घातली. मग खुर्चीत बसून, दम खात, सही केली.

लॅबच्या नियमांत तेव्हा एकाची भर पडली: मासा मेला तर आधी मॅडमना सांगावे, शुभ-अशुभ नंतर पाहावे.