लठ्ठपणामागे लागलेले डॉक्टर आगटे

जी कामं पुरी होतात ती माणूस विसरून जातो. जी अर्धवट राहतात, ज्यांत कोण काय करत होतं हेच कुणाला धड कळलेलं नसतं, त्यांचे मात्र किस्से होतात. कऱ्हाडातले आमचे डॉक्टर आगटे आणि त्यांचा शोध, हे असलंच काम. आम्ही जुनी मंडळी चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "मास्तर, तुम्ही नक्की काय शोधत होता हो?" मला अजून सांगता येत नाही!

दुसरी मोठी लढाई संपत आली होती, त्या सुमाराची गोष्ट. आगटे मुंबईला शिकून कऱ्हाडात दवाखाना काढून बसले होते. त्यांच्या डोक्यात एक विचार घुसला होता. माणूस बसून राहिला की लठ्ठ होतो, लठ्ठ झाला की उदास होतो, आणि उदास झाला की आणखी बसून राहतो. ते म्हणायचे, "मास्तर, ही साखळी आहे. ती कुठून सुरू होते तेवढं शोधायचं!"

मी हायस्कुलात ड्रिल मास्तर. माणसांना हलवायचं कसं हे मला ठाऊक असणार, असा त्यांचा समज. म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर. स्वतः डॉक्टर काडीसारखे बारीक, आणि पुढच्या गल्लीत जायलाही त्यांना टांगा लागायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी शोध करणारा आहे, शोधात नाही!"

* * *

सगळ्यांत आधी वजनं करायची ठरली. दवाखान्यातला काटा तान्ह्या पोरांचा. म्हणून आम्ही गुळाच्या पेठेत बाबूशेठच्या दुकानी गेलो. तिथं आढ्याला भला मोठा तराजू टांगलेला होता. बाबूशेठ म्हणजे कऱ्हाडातली वजनदार असामी, सगळ्या अर्थांनी! पहिला मान त्यांचाच.

ते एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात हमालांनी वजनं टाकली. वजनं संपली, तशा गुळाच्या ढेपा रचायला सुरुवात केली.

रस्त्यावरनं कुणीतरी ओरडलं, "शेठची तुळा हाय! गूळ वाटनार हायेत!"

रेशनचे दिवस ते. बघता बघता दुकानापुढं रांग लागली. बायांनी पदर पसरले. डॉक्टर हात वर करून सांगायला लागले, "अहो बाई, तुला-बिला नाही, हे शास्त्र आहे, शास्त्र!"

पुढची म्हातारी म्हणाली, "व्हय की. शास्तरानंच करत्यात तुळा!"

बाबूशेठ पारड्यात लोंबकळत होते. घाम पुसत म्हणाले, "डॉक्टर, आकडा राहू द्या. मला आधी खाली घ्या! मी जेवढा वेळ वर, तेवढी रांग मोठी व्हायला लागलीय!"

गूळ वाटावा लागला. पुण्य कुणाच्या खात्यावर गेलं, देव जाणे.

* * *

वजनं झाल्यावर मनाची चौकशी. डॉक्टरांनी मोठ्या विचारानं एक साधा प्रश्न तयार केला होता. पेठेतल्या शिदू हमालाला त्यांनी समोर बसवलं आणि हळुवारपणे विचारलं, "शिदू, तुझं मन जड असतं का रे?"

आता आमच्याकडच्या जिभेला 'ण' फारसा पेलत नाही. शिदू म्हणाला, "मन? जडच की वो. चाळीस शेर!"

डॉक्टर पुढं सरकले. "रोज?"

"रोजच. त्यात काय फरक न्हाई पडत."

"आणि ते उतरतं कधी?"

"गाडी लागली की उतरतं. कवा कवा गाडी येतच न्हाई. मग काय, पाठीवर घिऊनच हुबा ऱ्हायाचं."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. टांग्यात बसल्यावर म्हणाले, "मास्तर, केवढं बोलून गेला हो हा माणूस!"

मला राहवेना. तो गुळाच्या मणाबद्दल बोलत होता, हे मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी वहीत लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "असेल. पण त्यानं उत्तर चुकीचं दिलं, असं मला तरी वाटत नाही."

* * *

बाबूशेठना औषध म्हणून चालणं दिलं. रोज सकाळी पेठेपासून नदीच्या संगमापर्यंत जायचं आणि परत यायचं. बस्स.

पहिल्याच दिवशी वाटेत जो भेटेल तो विचारी, "काय शेठ, कुठं निघालात?"

"कुठं नाही."

"मग चालताय कशाला?"

आमच्याकडं काम नसताना चालणारा माणूस तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता. संगमावर पोचेपर्यंत त्यांच्या मागं पाच-पंचवीस माणसं जमली. शेठ दम खायला पाण्याच्या कडेला उभे राहिले मात्र, एका भोयानं धावत येऊन त्यांना मागनं मिठीच मारली. "आवं शेठ, असं करू नगा! लेकराबाळांचं तोंड बगा!"

दुसऱ्या दिवसापासून शेठ हातात पितळी तांब्या घेऊन निघाले. आता कुणी काही विचारीना. पण आठवडाभरात त्यांच्या घरी पेठेतनं सुंठ, ओवा, डाळिंबाच्या साली असं काय काय यायला लागलं!

"डॉक्टर," शेठ हात जोडून म्हणाले, "लठ्ठ होतो तेव्हा गाव मला मान देत होतं. आता गाव माझं पोट विचारतंय!"

* * *

मग डॉक्टर म्हणाले, शेठ लोक पुरे, आता खेड्यात जाऊ. कडेगावच्या बाजूच्या एका गावात गेलो. तो काळ भूमिगतांचा. परका माणूस गावात शिरला की पोलिसांचा खबऱ्या समजून लोकांची तोंडं बंद व्हायची. त्यात आमचे डॉक्टर कोट-टोपी घालून प्रत्येकाला विचारणार, "रोज किती चालता? कुठं जाता? बरोबर कोण कोण असतं?"

एक म्हातारा म्हणाला, "मी चालत न्हाई."

"शेतावर तर जात असाल?"

"न्हाई जात."

"मग शेत?"

"हाय तितंच हाय."

दुसरा म्हणाला, तोही चालत नाही. तिसराही. एक गडी घामानं निथळत, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला होता. तो म्हणाला, "मी सकाळपास्नं घरातच हाय."

डॉक्टर रस्त्यात डोकं धरून बसले. "मास्तर, अख्खं गाव बसून, आणि एकही माणूस लठ्ठ नाही! माझी साखळीच तुटली हो!"

आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला पाटील आले होते. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या सायबाला सांगा, ह्या गावात कुनाला पायच न्हाईत!"

* * *

पूर्वेच्या माळावर एक धनगर भेटला. तो मात्र मोकळा बोलला. सडपातळ, हसरा गडी. डॉक्टरांना आशा वाटली. "तुम्ही दिवसभरात पुष्कळ चालत असाल?"

"छ्या! मी कुठं चालतुय? मेंढरं चालत्यात. मी आपला मागं असतुय."

"आणि व्यायाम?"

"करावा म्हंतो," तो गंभीरपणे म्हणाला, "पर येळ कुठं घावतुय!"

* * *

शेवटचा किस्सा पलूसच्या यशवंता पैलवानाचा.

एका कुस्तीत त्याचा गुडघा गेला होता. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. अंग सुजल्यासारखं वाढलं आणि बोलणं बंद झालं. त्याची बायको, आनसावहिनी, कऱ्हाडला दवाखान्यात आली. डॉक्टर जाडीबद्दल विचारायला लागले तशी म्हणाली, "जाडी ऱ्हाऊ द्या वो. त्यास्नी बोलतं करा. घरात मानूस हाय, आन घर मुकं हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही जा. शाळेला सुट्टी आहे. आणि तुमची तरी घरी वाट बघणारं आता कोण आहे?"

मी गेलो. देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. रोज सकाळी पैलवानाच्या अंगणात जायचो आणि म्हणायचो, "चला पैलवान, थोडं हात-पाय हलवू." तो ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला. हूं नाही की चूं नाही. मग मी एकटाच ड्रिल करायचो. हात वर, हात खाली. जोर, बैठका. तो नुसता बघायचा. वहिनी दाराआडून बघायची. तास झाला की मी सदरा घालून निघायचो. असे कित्येक दिवस गेले. आपण काय करतोय, हे मलाच कळेनासं झालं.

एके सकाळी मी बैठका काढत होतो, आणि मागनं आवाज आला, "गुडगा भाईर जातुय."

मी वळून पाहिलं. वहिनीच्या हातातली घागर तशीच राहिली होती. पैलवान भिंतीला धरून उठला, लंगडत आला, माझ्या खांद्यांवर हात ठेवून मला सरळ केलं आणि म्हणाला, "आता बसा. सावकाश."

त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर हलायला लागला. आधी हात, मग पाठ. बोलायलाही लागला. आधी माझ्याशी, मग घरात.

मी निरोप धाडला, तसे डॉक्टर बाबूशेठचा तराजू घेऊनच आले. वजन केलं. जाडी तिळभरही उतरली नव्हती, उलट आधीची बंडी आता अंगात बसत नव्हती! डॉक्टर पुरते गोंधळले. "पैलवान, मग तुम्हाला बरं कशानं वाटलं?"

पैलवानानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "आता काय सांगू डाक्टर... ह्या मास्तरची दया आली."

"दया?"

"रोज येतुय, एकलाच धडपडतुय, आन तसाच जातुय. म्हटलं, ह्याला आपुन बघाया पायजे."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मला हसायला हवं होतं, पण हसू येईना. मी सदरा घातला आणि निघालो. वेशीपाशी आनसावहिनी मागनं लगबगीनं आली. पदराखाली फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. त्या माझ्या हातात देत म्हणाली, "मास्तर, सुट्टी सरली तरी येत जावा. हे रोज सांजच्याला मला तुमचंच सांगत्यात. काल तर लय खूश हुते. म्हनले, आज मास्तर धड जेवल्यागत दिसला."